अपुऱ्या मात्रेचा धोका



या अधिवेशनासाठी आज सकाळी आपल्यापैकी बहुतेक जण खाडी ओलांडून गोराईस आले, आणि बोटीतून उतरताना धक्क्यावरील लोखंडास ज्यांनी हात टेकला असेल, त्यांच्या तळहातावर आजच्या चर्चेचा विषय तांबूस भुकटीच्या रूपाने आपोआप उमटला असेल.

समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात, आणि पोलादाचे क्षरण जवळजवळ त्याच प्रमाणास कमाल पातळी गाठते. मिठागरातील संपृक्त पाण्यात प्राणवायू फारसा विरघळत नसल्याने तेथे बुडालेले पोलाद उलट सावकाश झिजते. पर्जन्यकाळी खाडीचे पाणी सौम्य झाले की धोका टळला असे पुष्कळांस वाटते. परंतु माझ्या मते आपल्या व्यवसायातील सर्वांत फसवा प्रश्न सौम्य क्षारद्रावणात गंजरोधक मिसळल्यावरच उभा राहतो.

प्रयोगशाळेत मी नवशिक्या विद्यार्थ्यांपुढे तीन काचपात्रे मांडीत असे. तिन्हींत मिठाचे तेच सौम्य द्रावण आणि घासून लखलखीत केलेला एकेक पोलादी तुकडा. पहिल्यात गंजरोधक मुळीच नाही, दुसऱ्यात सोडियम नायट्राइट पुरेशा मात्रेत, तिसऱ्यात अपुरे. काही दिवसांनी पहिला तुकडा सर्वांगाने तांबूस होई, दुसरा तसाच चकचकीत राही, आणि तिसराही वरकरणी स्वच्छच दिसे. मात्र त्याच्या कडेला मोहरीएवढा तपकिरी ठिपका असे, आणि तो पुसून सुई टेकविली म्हणजे तिचे टोक आत उतरे.

कारण असे की, नायट्राइट पोलादावर ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कवच टिकवून धरते, आणि क्लोराइड तेच कवच ठिकठिकाणी फोडू पाहते. मात्रा अपुरी पडली की एखादे छिद्र उघडे राहते. मग भोवतालच्या साऱ्या अभंग पृष्ठभागावर प्राणवायू जे इलेक्ट्रॉन मागतो, ते त्या एवढ्याशा छिद्रातील लोखंडास पुरवावे लागतात. छिद्रात आम्ल साचते, क्लोराइड आत ओढले जाते, आणि खड्डा आपलाच आपण खोल होत जातो. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी अशा निरोधकांना धोकादायक म्हटले ते याच अर्थाने. एकूण वजनातील घट अल्प भरते, म्हणून केवळ तराजूवर विसंबणाऱ्या परीक्षकाची येथे हमखास फसगत होते.

एका जागची झीज किती महाग पडते, हे गोमंतकाने पाहिले आहे. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा तो वाहतुकीस खुला होऊन उणीपुरी सोळा वर्षे झाली होती. काँक्रीटच्या पोटात ताणून बसविलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, आणि बाहेरून त्याची कल्पना येत नव्हती. येथून नजरेस पडणारा गोराईच्या विपश्यना पॅगोडाचा घुमट एकमेकांत अडकविलेल्या दगडांवर खांबांवाचून तोलला आहे, आणि दगडास गंज चढत नाही. परंतु पूल, टाक्या आणि शीतक नळ्या आपल्याला पोलादाच्याच कराव्या लागणार.

म्हणून आपणास माझी कळकळीची विनंती आहे. निरोधक ‘अंदाजाने’ ओतण्याची रीत आजपासून बंद करावी. निरोधकाची मात्रा आणि पाण्यातील क्लोराइड ही दोन्ही माने शेजारशेजारच्या रकान्यांत, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, प्रत्येक कारखान्याच्या दप्तरी तारखेनिशी नोंदवावीत, आणि ते दप्तर पुढील अधिवेशनास सोबत आणावे.