नियमगिरीचा कौल



ओडिशाच्या रायगडा आणि कलाहंडी जिल्ह्यांत नियमगिरी ही डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावर बॉक्साइट आहे. ॲल्युमिनियम त्यापासूनच बनते. त्याच माथ्यावर डोंगरिया कोंध आदिवासींचा देव नियमराजा नांदतो. बॉक्साइटचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी धरून ठेवतो, म्हणून उन्हाळ्यातही झरे वाहतात. देव आणि पाणी यांची तेथे ताटातूट करता येत नाही.

पायथ्याशी लांजीगढ येथे वेदांत समूहाचा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला, तेव्हा खाणीला अंतिम वनमंजुरी मिळालेली नव्हती. दरम्यान 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली. 2010 मध्ये केंद्र सरकारने मंजुरी नाकारली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खाणीमुळे लोकांच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का, याचा विचार ग्रामसभांनी करावा, असा निर्णय न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी दिला.

राज्य सरकारने शंभराहून अधिक वस्त्यांपैकी केवळ 12 गावे निवडली. त्यावर तेव्हाही आक्षेप घेतला गेला. त्या पावसाळ्यात जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकांसमोर सभा भरल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. जानेवारी 2014 मध्ये केंद्रानेही प्रस्ताव फेटाळला.

देशाला धातू नको का, असा प्रश्न यावर विचारला जातो. तो रास्त आहे. विजेच्या तारांपासून घरातील भांड्यांपर्यंत ॲल्युमिनियम सर्वत्र आहे. परंतु गरज अनेकांची आणि किंमत मोजणारे मूठभर, असा हा व्यवहार असतो. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्याच्या नावावर पट्टा नसेल, तर भरपाईच्या हिशेबात त्याची नोंद अनेकदा होत नाही. अशा माणसाला ग्रामसभा हेच एक ठिकाण उरते.

महाराष्ट्राबाहेर मातृभाषेची शाळा चालविणाऱ्यांना संख्येने थोडे असणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. डोंगरिया कोंध काही हजारच आहेत आणि त्यांची भाषा कुवी आहे. या शाळेने अभियंते, अधिकारी, उद्योजक घडविले आहेत. त्यांच्यापुढे एखाद्या खाणीची वा वीजप्रकल्पाची फाईल येईल, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी जरूर पाहाव्यात: ग्रामसभेचा ठराव तीत आहे का, तो खरा आहे का, आणि ती सभा गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत झाली होती का.