पहिले घर कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



पतिपत्नी मिळून घर घेतात. पतीच्या नावावर आधीच एक घर आहे. पत्नीच्या नावावर आजवर वीतभर जागाही नाही. ‘पहिल्या घरा’साठी शासनाने ठेवलेली सवलत या जोडप्याला मिळावी की नाही? प्रश्न खासगी वाटतो. परंतु सार्वजनिक पैशाचा विनियोग आणि स्त्रीचा मालमत्तेवरील हक्क हे दोन्ही विषय त्यात गुंतलेले आहेत.

शासनाने या प्रश्नाला दोन परस्परविसंगत उत्तरे दिली आहेत. २०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना कुटुंब हा घटक मानते. पती, पत्नी व अविवाहित मुले यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कोठेही पक्के घर असल्यास सारे कुटुंब अपात्र ठरते. २०२४ साली सुरू झालेल्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही हीच कसोटी आहे. याउलट, १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या गृहकर्जांवर प्राप्तिकरात दिलेल्या व्याजवजावटीने व्यक्ती हा घटक मानला. करदात्याच्या स्वतःच्या नावावर घर नसले म्हणजे पुरे. एकच स्त्री करखात्याच्या लेखी प्रथम खरेदीदार, तर गृहनिर्माण खात्याच्या लेखी घरमालकाची पत्नी!

कुटुंबाची कसोटी सर्वस्वी चुकीची नाही. ती नसती तर सधन माणसाने पत्नीच्या नावे अनुदानित दुसरे घर घेतले असते आणि बेघर माणूस रांगेतच राहिला असता. व्यक्तीच्या कसोटीने समता येते असेही नाही. दीड लाखाच्या वजावटीने ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे ४५ हजार रुपये वाचतात. ज्या मोलकरणीला करच लागत नाही, तिच्या पदरात शून्य.

दोष आहे तो अर्धवटपणात. अनुदान नाकारताना पतीचे घर पत्नीचेही धरले जाते; पण पती ते विकू लागला तर तिची सही कायद्याने लागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला निवासाचा हक्क मिळाला, मालकी नव्हे. अपात्रतेत भागीदार आणि मालकीत परकी, हा न्याय नव्हे.

म्हणून मागणी दुहेरी हवी. गरज मोजताना कुटुंब हाच घटक राहावा. मात्र ज्या घरामुळे पत्नी अपात्र ठरते, त्या घरात तिला मालकीचा वाटा मिळावा. तसेच पतीपासून विभक्त राहणाऱ्या स्त्रीची पात्रता स्वतंत्रपणे ठरवावी.

तोवर कार्यकर्त्यांनी एक साधे काम करावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर सहमालकांचे हिस्से ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात ठरतात. पुरावा नसेल तर ते समान मानले जातात. तिच्या स्वयंपाकघरातील श्रमांची पावती कुणी फाडत नाही. तेव्हा खरेदीखतात दोघांची नावे पुरेशी नाहीत. दोघांचे हिस्सेही लिहून घ्यायला लावावेत.