घरासाठी मूळ मुद्राचित्र

लाकूड, लिनोलियम, दगड किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र घडवून कागदावर घेतलेला ठसा म्हणजे मुद्राचित्र. असा प्रत्येक ठसा मूळ कलाकृतीच असतो. मात्र प्रती अनेक असल्याने तो त्याच कलावंताच्या रंगचित्रापेक्षा सहसा स्वस्त पडतो. मर्यादित आवृत्तीत प्रतींची संख्या ठरलेली असते. चित्राखाली पेन्सिलीने ७/५० लिहिलेले असेल, तर ती ५० पैकी सातवी प्रत. शेजारी चित्रकाराची सही असते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांत नव्या कलावंतांचे काम पाहता येते. घेण्यापूर्वी ठसा भिंगातून पाहावा. सारख्या अंतरावरचे बारीक रंगीत ठिपके दिसले, तर ती बहुधा छापखान्यातली नक्कल असते. घरी चित्र आम्लविरहित पुठ्ठ्यावर, काचेआड मढवावे आणि ऊन व ओल यांपासून दूर लावावे.