नोराचा गृहत्याग



हेन्रिक इब्सेन यांचे ‘बाहुलीचे घर’ हे नाटक २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये प्रथम रंगभूमीवर आले. अखेरीस नोरा पतीला आणि तीन मुलांना सोडून जाते व दार बंद झाल्याचा आवाज ऐकू येतो. नाटकाची चर्चा बहुधा या आवाजापासून सुरू होते. मला मात्र आपले लक्ष त्याआधीच्या एका कागदाकडे वेधावयाचे आहे.

तो कागद कर्जरोख्याचा. पती टोरवाल्ड आजारी असतो. दक्षिणेकडील हवेत नेल्याखेरीज तो जगणार नाही, असे डॉक्टर सांगतात. त्या काळच्या नॉर्वेत विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून कर्ज काढता येत नसे. नोरा जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच करते. सहीखालील तारीख मात्र त्यांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांची निघते. पतीचे प्राण वाचविणारी पत्नी कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरते. पुढे काटकसर करून, रात्री जागून नकलेचे काम करून ती ते कर्ज गुपचूप फेडीत राहते. ज्या घरात तिला लाडकी, उधळी आणि अजाण समजले जाते, त्या घराचा भार तिनेच वाहिलेला असतो.

गुपित फुटल्यावर पती सारा दोष आपल्या शिरावर घेईल, अशी तिची श्रद्धा असते. तो प्रथम स्वतःच्या अब्रूचा विचार करतो आणि तिला मुले वाढविण्यास अपात्र ठरवितो. रोखा परत येताच तो तिला क्षमा करू पाहतो. कोप आणि क्षमा दोन्ही मालकाचीच, हे तिला तेव्हा उमगते.

जर्मनीत अभिनेत्री हेडविग नीमान-राबे यांनी मुलांना सोडून जाणारी नोरा रंगविण्यास नकार दिला. इतरांनी फेरफार करू नयेत म्हणून इब्सेन यांनी १८८० मध्ये स्वतःच पर्यायी शेवट लिहिला. त्यात निजलेल्या मुलांच्या खोलीच्या दाराशी नोरा कोसळते. हा बदल म्हणजे नाटकावरील अत्याचार होय, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. पत्नी म्हणून केलेले बंड प्रेक्षक कदाचित सहन करतील, मातेचे करणार नाहीत, ही भीती त्या बदलामागे होती.

विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्ता असावी, या मागणीच्या अर्जावर १८८४ मध्ये इब्सेन यांनीही सही केली. १८८८ च्या कायद्याने नॉर्वेत विवाहित स्त्री सज्ञान मानली गेली. नोराला खोटी सही करावयास लावणारी अडचण दूर होऊ लागली. परंतु आठ वर्षे एकत्र राहूनही गंभीर विषयावर एकदाही न बोललेल्या दोन माणसांचा प्रश्न कोणता कायदा सोडविणार? तो ज्याच्या त्याच्या घरातच सोडवावा लागतो. म्हणूनच हे नाटक अद्याप जुने झालेले नाही.