महामारीतील युरोप : कोणाचा रोजगार राखला गेला?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युरोपातील अर्थनीतीची चर्चा आपण येथे कशासाठी करावयाची, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आहे. शंका रास्त आहे. परंतु गेली तीस-चाळीस वर्षे आपल्याला जे अर्थशास्त्र शिकविले गेले, त्याचा एक मोठा आधार युरोपीय संघाच्या नियमावलीत होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांपेक्षा अधिक तूट नको आणि साठ टक्क्यांपेक्षा अधिक सार्वजनिक कर्ज नको, ही ती नियमावली. सरकारने मजुरीची हमी घ्यावी असे आपण म्हणालो की, ‘पैसा कोठून आणणार?’ हा प्रश्न आपल्या तोंडावर फेकला जाई. २०२० च्या वसंतात ही नियमावली तिच्या रक्षणकर्त्यांनीच बाजूला ठेवली. ती कशी ठेवली, तीमुळे कोण तरले आणि कोण काठावर राहिले, हे पाहणे म्हणूनच आपल्या कामाचे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. २०१० नंतरच्या कर्जसंकटात ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल या देशांना मिळालेले औषध आपल्याला आठवत असेल. निवृत्तिवेतने कापा, रुग्णालये आवरती घ्या, कामगारकायदे सैल करा. २०१३ पर्यंत ग्रीसमधील बेकारी २७ टक्क्यांवर गेली. स्पेनमध्ये ती २६ टक्क्यांच्या आसपास होती, आणि दोन्ही देशांत काम मागणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते. हे सारे अपरिहार्य आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले.

मार्च २०२० मध्ये अपरिहार्यतेची व्याख्या बदलली. १८ मार्चला युरोपीय मध्यवर्ती बँकेने ७५० अब्ज युरोंचे रोखे विकत घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. तो वर्षअखेरपर्यंत १,८५० अब्जांवर गेला. २३ मार्चला अर्थमंत्र्यांनी तुटीचे नियम स्थगित करण्यास संमती दिली. पाच दिवसांत हे झाले. ज्या ग्रीसला पाच वर्षे विनवण्या करूनही सवलत मिळाली नव्हती, त्या ग्रीसचेही रोखे या कार्यक्रमात घेण्यात आले.

आता रोजगाराकडे येतो, कारण या काळातील खरोखर दाद देण्याजोगी गोष्ट तेथे आहे. जर्मनीत ‘कुर्त्सआर्बाइट’, म्हणजे आखूड केलेले काम, या नावाची एक जुनी व्यवस्था आहे. तिची मुळे १९१० च्या सुमारास पोटॅश उद्योगातील कामगारांना दिलेल्या भरपाईपर्यंत जातात. कारखान्याकडे काम नसेल तर कामगाराला काढून टाकावयाचे नाही, त्याचे तास कमी करावयाचे, आणि बुडालेल्या वेतनाचा मोठा भाग बेकारी विमा निधीतून द्यावयाचा, असे तिचे स्वरूप. हाती पडणाऱ्या वेतनातील तुटीचे ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, हा मूळ दर. महामारीत तो चौथ्या महिन्यापासून आणि पुढे सातव्या महिन्यापासून वाढत ८० आणि ८७ टक्क्यांपर्यंत नेण्यात आला. एप्रिल २०२० मध्ये सुमारे साठ लाख जर्मन कामगार या व्यवस्थेखाली होते. स्पेनने आपल्या तशाच योजनेत चौतीस लाखांच्या आसपास कामगार घेतले. इटलीने वेतन-पूरक निधी खुला केला आणि कामगारांना आर्थिक कारणावरून काढण्यास बंदीही घातली. युरोपीय संघातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ब्रिटनमध्ये, हुजूर पक्षाच्या राजवटीत, सरकारने ८० टक्के वेतन भरण्याची योजना आणली व सप्टेंबर २०२१ पर्यंत ती चालविली. एक कोटी सतरा लाख नोकऱ्या कधी ना कधी तिच्या छत्राखाली आल्या.

गरीब देशांना हा खर्च झेपावा म्हणून युरोपीय संघाने संयुक्त कर्ज उभारून १०० अब्ज युरोंपर्यंतचा निधी केला. एकोणीस देशांनी त्यातून ९८ अब्जांहून अधिक रक्कम उचलली. सर्वांत मोठा वाटा इटली आणि स्पेनचा होता. युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात या निधीने सुमारे तीन कोटी पंधरा लाख श्रमिकांना आधार दिला. परिणाम असा की, त्या वर्षी संघाचे उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घसरले तरी बेकारी सात टक्क्यांच्या आसपासच राहिली. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत बेकारीचे प्रमाण १४ टक्क्यांच्या वर गेले होते.

येथे आपल्याकडील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २९ मार्च २०२० रोजी आपल्या गृहमंत्रालयानेही टाळेबंदीच्या काळातील पूर्ण वेतन देण्याचा आदेश मालकांना काढला. त्यामागे सरकारी तिजोरीतील एक रुपयाही नव्हता. १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने, मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, कामगारांशी बोलणी करून मिटवावे, असे सांगितले. त्याआधीच, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले होते. हुकूम आणि तरतूद यांत काय अंतर असते, हे समजून घेण्यास याहून दूर जाण्याची गरज नाही.

परंतु युरोपचे कौतुक एवढ्यावर थांबविले तर आपण अर्धेच पाहिले असे होईल. या सर्व योजनांची एक समान अट होती. ज्याला कागदोपत्री नोकरी आहे आणि ज्याचा विमा भरला जात आहे, त्यालाच संरक्षण. विषमतेची रेघ तेथे ओढली गेली.

जर्मनीचेच उदाहरण घ्या. त्या देशात ‘मिनीजॉब’ नावाच्या लहान पगाराच्या नोकऱ्या आहेत. खानावळीत वाढणे, दुकानात उभे राहणे, घरे झाडणे अशी ती कामे. करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांच्यासाठी बेकारी विमा भरला जात नाही, म्हणून आखूड कामाचा भत्ताही नाही. जून २०२० पर्यंतच्या एका वर्षात अशा आठ लाखांहून अधिक नोकऱ्या नाहीशा झाल्या आणि त्यांचा गवगवा झाला नाही. दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. जर्मन आयकरात पती-पत्नींना अशी मुभा आहे की, अधिक मिळविणाऱ्याने, म्हणजे बहुधा पतीने, हलक्या कराचा वर्ग घ्यावा आणि पत्नीने जड कराचा. कुटुंबाचा महिन्याचा कर त्यामुळे कमी होतो, पण पत्नीच्या हाती पडणारे वेतन कागदावर आकसते. भत्ता त्याच आकसलेल्या वेतनावर मोजला जात असल्यामुळे, सारखेच ढोबळ वेतन असलेल्या स्त्रीला शेजारच्या यंत्रावरील पुरुषापेक्षा कमी भत्ता मिळाला. कायद्यात स्त्री हा शब्दही नाही. तरीही तो स्त्रीच्या विरोधात जातो.

स्पेनमध्ये रेघ कराराच्या मुदतीवर पडली. तेथील दर चार कामगारांमागे एक तात्पुरत्या करारावर होता. मार्च २०२० च्या दुसऱ्या पंधरवड्यात सामाजिक विम्याच्या पटावरून सुमारे नऊ लाख नावे उतरली, त्यांतील बहुतेक या तात्पुरत्या कामगारांची. त्यांना कोणी काढले असे म्हणता येत नाही. त्यांचा करार पुन्हा केला नाही, इतकेच! घरकाम करणाऱ्या स्त्रियांना तर बेकारी विम्याचा हक्कच नव्हता. त्यांच्यासाठी मार्चअखेर खास साहाय्याचा हुकूम काढावा लागला.

आणि जे कामावर राहिले, त्यांचे काय? एप्रिल २०२० मध्ये सर्व सीमा बंद असताना जर्मनीने शतावरीच्या काढणीसाठी दोन महिन्यांत ऐंशी हजार हंगामी मजूर आणण्यास परवानगी दिली. रुमानियातील क्लुज विमानतळाबाहेर शेकडो मजूर एकमेकांना खेटून विमानाची वाट पाहत उभे होते. घराबाहेर पडू नका, असे त्याच देशाचे सरकार त्याच दिवशी सांगत होते. मध्यमवर्गाच्या ताटातील भाजी ही अत्यावश्यक सेवा ठरली, ती खुडणारा मात्र अत्यावश्यक ठरला नाही. जूनमध्ये रेडा-वीडेनब्रुक येथील अवाढव्य कत्तलखान्यात पंधराशेहून अधिक कामगारांना लागण झाली. त्यांतील बहुतेक पूर्व युरोपातून आलेले, उपकंत्राटदारांनी ठेवलेले, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. कामगारसंघटना वर्षानुवर्षे हे सांगत होत्या. रोगाचा धोका कारखान्याच्या भिंतीबाहेर आला तेव्हा सरकारला ऐकू आले, आणि १ जानेवारी २०२१ पासून मांसउद्योगातील कापणी-सोलणीची कामे उपकंत्राटावर देण्यास कायद्याने बंदी झाली. बंदी चांगलीच आहे. पण बांधकामातील, मालवाहतुकीतील, घरपोच पार्सलांच्या धंद्यातील उपकंत्राट तसेच राहिले.

इटलीनेही मे २०२० मध्ये शेतीत आणि घरकामात असलेल्या बेकायदा स्थलांतरितांना कागदपत्रे देण्याची योजना काढली. दोन लाखांहून अधिक अर्ज आले. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के घरकामाचे होते, शेतीचे अगदी थोडे. कारण अर्ज मालकाने करावयाचा होता! रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या शेतांत राबणारे आपले पंजाबी बांधव अशा मालकांच्या मर्जीवर अवलंबून असतात, हे येथे नमूद करून ठेवतो.

माद्रिदमध्ये वर्गभेदाने भूगोलाचे रूप घेतले. सप्टेंबर २०२० मध्ये तेथील प्रादेशिक सरकारने सदतीस आरोग्यविभागांवर निर्बंध लादले. त्यांत वायेकास, काराबांचेल, उसेरा यांसारख्या दक्षिणेकडील कामकऱ्यांच्या वस्त्या मोठ्या संख्येने होत्या. सुमारे साडेआठ लाख लोक त्यांत अडकले. त्यांना वस्तीबाहेर कामासाठी जाता येत होते, बागेत मात्र जाता येत नव्हते. श्रीमंत भागातील घरे पुसण्यासाठी भुयारी रेल्वेत कोंबून जा, संध्याकाळी परत येऊन दार लावून बसा. लोक रस्त्यावर उतरले यात नवल नाही.

संध्याकाळी सज्ज्यांत उभे राहून परिचारिकांसाठी टाळ्या वाजविण्याची प्रथा आपणही उचलली होती. फ्रान्समध्ये टाळ्यांनंतर जुलै २०२० मध्ये करार झाला आणि रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांच्या मासिक वेतनात १८३ युरोंची वाढ मिळाली. घरोघर जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया त्यात आरंभी नव्हत्या. त्यांना पुन्हा झगडावे लागले.

दुसऱ्या टोकाला काय चालले होते तेही पाहू. मध्यवर्ती बँकेने ओतलेला पैसा रोख्यांच्या बाजारातून वर गेला. डिसेंबर २०२० मध्ये, दुकाने पुन्हा बंद असताना, जर्मन शेअरबाजाराच्या निर्देशांकाने नवा उच्चांक गाठला. लुफ्तान्सा या विमानकंपनीला नऊ अब्ज युरोंचे साहाय्य मिळाले, आणि तरी तिने हजारो नोकऱ्या कमी केल्या. राष्ट्राराष्ट्रांतही असेच घडले. उद्योगांना सरकारी मदत देण्यावरील बंधने सैल होताच, २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकूण मदतीपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम एकट्या जर्मनीची होती. ज्याची तिजोरी भरलेली, त्याचे कारखाने तरले. या असमतोलाची जाणीव झाल्यामुळेच जुलै २०२० मध्ये ब्रुसेल्स येथे चार दिवस-रात्र घासाघीस होऊन ७५० अब्ज युरोंचा पुनरुत्थान निधी ठरला. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क या ‘काटकसरी’ म्हणविणाऱ्या चौघांनी अनुदानाचा भाग ५०० अब्जांवरून ३९० वर आणला. बाकीचे ३६० अब्ज कर्जाऊ.

यातून कायमचे काय उरले? माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट स्पेनमध्ये झाली. डिसेंबर २०२१ मध्ये कामगारसंघटना, मालकसंघटना आणि सरकार यांच्या सहमतीने तेथे तात्पुरत्या करारांना आळा घालणारा कायदा आला. संसदेत तो १७५ विरुद्ध १७४ अशा मतांनी तरला, तेही एका विरोधी सभासदाने चुकून होकाराचे बटण दाबल्यामुळे! (इतिहासाची चाके कशाकशावर फिरतात पाहा.) तात्पुरत्या कामगारांचे प्रमाण त्यानंतर चौथ्या हिश्श्यावरून सहाव्या हिश्श्याच्या आसपास आले. सप्टेंबर २०२२ मध्ये घरकामगार स्त्रियांनाही बेकारी विम्याचा हक्क मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने किमान वेतनाविषयीचा निर्देश संमत केला.

मात्र वेतनरक्षणाचा तो संयुक्त निधी २०२२ अखेर बंद झाला. तो कायम ठेवावा ही मागणी मान्य झाली नाही. तुटीचे नियम काही फेरफारांसह २०२४ मध्ये परत आले. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पुन्हा सुटीचे कलम पुढे केले, या वेळी शस्त्रसज्जतेसाठी. सुमारे ८०० अब्ज युरो संरक्षणाकडे वळावेत अशी ती योजना आहे. रशियाचे आक्रमण खरे आहे आणि युक्रेनच्या जनतेविषयी आपली सहानुभूती आहे. परंतु तुटीची मर्यादा कोणत्या खर्चासाठी वाकते आणि कोणत्या खर्चासाठी वाकत नाही, हे ठरविण्याचे काम अर्थशास्त्र करीत नाही, एवढे त्यावरून कळते.

शेवटी परतफेडीचा हिशेब. पुनरुत्थान निधीचे संयुक्त कर्ज २०२८ पासून २०५८ पर्यंत फेडावयाचे आहे, वर्षाला सुमारे २४ अब्ज युरो. आपल्या महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी १९७५ साली शहरी नोकरदारांवर व्यवसायकर बसविला, तेव्हा कोण देणार आणि कोणाला मिळणार हे आरंभीच सांगून टाकले होते. युरोपने ते सांगितले नाही. बड्या तंत्रज्ञान-कंपन्यांवरील कराचा प्रस्ताव २०२१ मध्ये बाजूला पडला. दहा कोटी युरोंहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांवर वार्षिक आकार बसवावा, असे आयोगाने जुलै २०२५ मध्ये सुचविले आणि जर्मनीच्या चान्सेलरांनी लगेच त्यास नकार दिला. कंपन्या देणार नसतील तर शाळा, दवाखाने, शेतीचे साहाय्य आणि मागास प्रदेशांचा निधी यांना कात्री लावून ही रक्कम काढावी लागेल. तेथील कामगारसंघटनांचा पुढचा झगडा याच प्रश्नावर होणार आहे.