जुनी रॅम, नवी रॅम: एकत्र नांदतील का?

शिरवळहून बोलतोय, मागे हायवेचे ट्रक ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न तुमच्याकडूनच आलाय. "दादा, डेस्कटॉपमध्ये ४ जीबीची एक रॅम आहे. शेजारी दुसऱ्या कंपनीची ८ जीबी लावली तर चालेल का?" हा प्रश्न आत्ताच का, ते उघड आहे. २०२५ संपता संपता रॅमचे भाव भडकले, कारण चिपचा बराच माल एआयच्या सर्व्हरकडे वळला. नवी जोडी परवडत नाही, मग माणूस पुण्यात सेकंडहँड स्टिक शोधत फिरतो.

तर उत्तर: बहुतेक वेळा चालतं. कंपनी वेगळी असली तरी चालतं. पिढी मात्र एकच हवी. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांना २८८, पण खाच प्रत्येकाची वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, ती तुमच्या बोर्डाची नाहीच. लेबलवर पीसी३, पीसी४ असं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. फारच स्वस्त मिळत असेल तर 'रजिस्टर्ड' लिहिलंय का बघा. ती सर्व्हरची रॅम, घरच्या पीसीवर चालत नाही.

वेगाचं गणित बैलजोडीसारखं. एक बैल हळू असला की दोघं त्याच्याच चालीनं चालतात. २६६६ सोबत ३२०० लावली तर दोन्ही २६६६ नेच चालणार. आणि ४ अधिक ८ असेल तर इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर ८ जीबी जोडीनं, म्हणजे ड्युअल चॅनलमध्ये पळते, उरलेली ४ एकटी. तरी नुसत्या ४ जीबीपेक्षा हे कितीतरी बरं.

पैसे घालण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथं दिसतं. तुमचं नेहमीचं काम चालू असताना मेमरी भरतच नसेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. जुनी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी टाका.

आता मुद्द्याची गोष्ट. माझा एक मित्र कंपनीतली ड्यूटी संपवून संध्याकाळी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइन करतो. त्यानं सेकंडहँड ८ जीबी आणून लावली. विंडोज सुरू झालं, १२ जीबी दिसली, गडी खूश. चार दिवसांनी झिप फाइल उघडेनात. फोटोत आडवे करडे पट्टे. त्याला वाटलं, हार्डडिस्क गेली. आम्ही रात्रभर मेमटेस्ट८६ लावलं, तर स्क्रीनवर एररची रांग. मग एकेक स्टिक वेगळी तपासली. जुनी ठणठणीत, आणलेली खराब. दुकानदाराची सात दिवसांची मुदत होती म्हणून ती बदलून मिळाली. पण त्या चार दिवसांतलं काम पुन्हा करावं लागलं. पेन ड्राइव्हवरचा बॅकअपही तसाच बिघडलेला, कारण तो त्याच रॅममधून गेला होता.

लक्षात ठेवा, रॅम खराब असली की मशीन बंद पडेलच असं नाही. ती गुपचूप चुकीचं लिहीत राहते.

म्हणून क्रम असा ठेवा. महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप रॅम लावायच्या आधी. मग वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून स्टिक बसवा. पहिली रात्र टेस्टला द्या, मेमटेस्ट८६ फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून चालतं. एकही एरर आली तर स्टिक वेगवेगळ्या तपासा. दोन्ही एकेकट्या पास, पण जोडीत नापास? मग बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर बंद करून पुन्हा लावा. तरीही एरर आली तर ती जोडी जमत नाही, सोडून द्या. आणि सेकंडहँड घेताना बिलावर बदलून द्यायचे दिवस लिहून घ्या. तोंडी नको.

पुढच्या भागात जुन्या पीसीत एसएसडी कशी टाकायची ते बघू. तोवर रॅमच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, दुकानात उपयोगी पडेल. भेटू!