पणजोबांच्या मृत्यूची नोंद



होमिओपॅथीत आम्ही रोग्याकडे आधी त्याच्या घराण्याची चौकशी करतो. आजोबा कशाने गेले, आजीला काय होतं? दवाखान्यात चाळीस वर्षं हे विचारत आलो. स्वतःच्या पणजोबांबद्दल मात्र ऐकीव उत्तरावर भागवलं.

आमच्या घरी सांगत की, पणजोबांना थोरल्या भावाने जमिनीसाठी विष घातलं. पुरावा काय, तर तीन दिवसांत गेले आणि अंग काळंनिळं पडलं. पुढे आम्ही त्या घरचं पाणी प्यालो नाही. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणीला साऱ्या गावाची क्षमा मागायची, ते एक दार सोडून.

साठी उलटल्यावर मी जुन्या मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल मिळवली. आमचं गाव चिकोडी तालुक्यातलं, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातलं. नोंद मोडीत होती. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी वाचून दाखवली. वय २८, ऑक्टोबर १९१८, कारण ताप. त्या पानावर वर-खाली तोच ताप आणि तशीच तरणी वयं.

ही १९१८ ची मानमोडी. इन्फ्लुएन्झाची ही साथ जूनमध्ये मुंबईत आली, पावसाळा सरताना पुन्हा उसळली आणि २० ते ४० वयाची धडधाकट माणसं तिने फार नेली. फुप्फुसं भरून येत, रक्ताला प्राणवायू पुरत नसे आणि चेहरा काळानिळा पडे. आम्ही विषाचं म्हणून सांगत आलो, ते लक्षण त्या साथीचं होतं.

त्याच पानावर चार ओळी खाली थोरल्या भावाची बायको होती. पणजोबांनंतर पाचव्या दिवशी गेलेली.

नक्कल घेऊन मी त्या घरी गेलो. तिथले वडीलधारे, माझे नात्याने काका, कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, आमच्यात सांगतात, तुमच्या घरून आलेलं ताक पिऊन ती गेली."

थोड्या वेळाने त्यांनी आत हाक मारून पाणी मागवलं. मी प्यालो.

आपण वंशावळ काढताना सनदा, वतनं, मानपान शोधतो. मृत्यूची वहीही बघा. आणि आपल्या माणसाची ओळ सापडली म्हणून ती लगेच मिटू नका. अख्खं पान वाचा.